हत्यारे, घरगुती

घराची नित्य देखभाल व किरकोळ दुरुस्ती घरातील व्यक्तींना स्वतः करता यावी, म्हणून घरात बाळगावयाची साधने. मराठीत हत्यार हा शब्द शस्त्र आणि कारागिराचे साधन अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. येथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. शेतीची अवजारे, विळी-अडकित्त्यासारखी स्वयंपाकघरातील साधने आणि धंदेवाईक सुतार, गवंडी वा नळजोडणी करणारे कारागीर यांचे संच यांचा विचार येथे केलेला नाही. नवीन घर घेतलेल्या कुटुंबाला प्रारंभी दहा-बारा हत्यारे पुरतात. मात्र ती कोणती असावीत हे घराच्या बांधणीवर, म्हणजे भिंती कशाच्या आहेत, दारे-खिडक्या कशाच्या आहेत आणि पाणी व वीज घरात कशी आणली आहे यांवर अवलंबून असते. जुन्या वाड्याला साजेसा संच काँक्रीटच्या सदनिकेत निम्मा निरुपयोगी ठरतो.

पूर्वपीठिका : ग्रामीण महाराष्ट्रात सुतार व लोहार हे बलुतेदार होते. गावातील शेतकऱ्यांच्या अवजारांची दुरुस्ती हे त्यांचे नेमून दिलेले काम असे व त्याबद्दल त्यांना सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी कुऱ्हाड, कोयता, पहार, कुदळ, फावडे ही साधने असत. परंतु करवत, रंधा, पटाशी, वाकस किंवा सामता ही सुताराची हत्यारे त्याच्याच घरी राहत. खंडेनवमीला कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतात, ती याच धंदेवाईक हत्यारांची होय. शहरांतील वाडे व चाळी यांमध्ये राहणारे लोक बहुतांशी भाडेकरू होते. इमारत सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकावर असे आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमातही तशी तरतूद होती. दुरुस्ती हे आपले काम नव्हे, ही शहरी मध्यमवर्गाची धारणा या परिस्थितीतून निर्माण झाली.

पुढे सहकारी गृहनिर्माण संस्था वाढल्या व १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम झाला. सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने व सामाईक भागांची संस्थेने करावी, अशी विभागणी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत सामान्यतः असते. त्यामुळे हाती कधी हत्यार न धरलेली व्यक्ती एकाएकी नळ, तारा, बिजागऱ्या व भिंती यांची धनी झाली. अशा अनेक घरांत खिळा ठोकण्याचे काम अजूनही खलबत्त्यातील बत्त्यावर किंवा पाट्यावरील वरवंट्यावर येते. बत्त्याचे तोंड गोलसर असल्याने खिळा वाकतो आणि दगडी वरवंट्याचा टवका उडून डोळ्यास इजा होण्याचा संभव असतो. स्क्रू पिळण्यासाठी सुरीचे टोक वापरण्याचा प्रघातही असाच असून त्यात सुरी व स्क्रू दोन्ही निकामी होतात.

मोजमापाची साधने : घरगुती कामास ५ मी. लांबीची पोलादी गुंडाळपट्टी पुरते. आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या पट्टीचे एकस्व (पेटंट) अमेरिकेतील ॲल्विन फेलोज यांनी १८६८ मध्ये मिळविले. पट्टीच्या टोकाशी असलेली आकडी किंचित सैल असते. हा दोष समजून काही जण ती ठोकून घट्ट करतात. परंतु हा सैलपणा मुद्दाम ठेवलेला असतो. आकडी तिच्या जाडीइतकीच मागे-पुढे सरकते, त्यामुळे वस्तूच्या कडेला अडकवून मापले किंवा भिंतीला टेकवून मापले, तरी माप बरोबर येते. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी सुतारकाम, प्लायवुड व नळजोडण्या यांत इंच व फूट टिकून आहेत. म्हणून दोन्ही मापे छापलेली पट्टी घ्यावी. फडताळ किंवा चौकट समपातळीत बसविण्यासाठी सु. ३० सेंमी. लांबीची बुडबुड्याची पाणसळ उपयोगी पडते. उभ्या रेषेसाठी ओळंबा लागतो, पण दोरीला जड नट बांधूनही ते काम भागते.

हातोडी : घरासाठी सु. ३०० ते ५०० ग्रॅ. वजनाची हातोडी योग्य असते. एका बाजूस सपाट तोंड व दुसऱ्या बाजूस खिळा उपटण्यासाठी दुभागलेली नखे असलेला प्रकार लाकूडकामास सोयीचा असून तो रोमन काळापासून ज्ञात आहे. एका बाजूस गोल डोके असलेला प्रकार मुळात धातुकामासाठी आहे. भारतीय बाजारात तोच स्वस्त व सर्वत्र मिळत असल्याने घरोघरी आढळतो. हातोडीचे डोके घडीव पोलादाचे असून त्याच्या तोंडाला पाणी देऊन कठिणपणा आणलेला असतो. बिडाच्या ओतीव डोक्याचा टवका उडतो, म्हणून ते वर्ज्य समजावे. दांड्यासाठी आपल्याकडे बाभळीचे चिवट लाकूड चांगले मानतात. डोके सैल झाल्यास दांडा पाण्यात भिजवून ठेवण्याची रीत आहे. लाकूड फुगून डोके तेवढ्यापुरते घट्ट बसते खरे, पण फुगलेले तंतू पोलादाच्या भोकात चेपले जातात आणि वाळल्यावर डोके पूर्वीपेक्षा अधिक सैल होते. नवी पाचर ठोकणे हाच यावर खरा उपाय होय.

पेचकस, पकड व पाने : पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. सरळ खाचेच्या स्क्रूसाठी पात्याची रुंदी खाचेच्या लांबीइतकी व जाडी खाचेत सैल न राहील एवढी असावी लागते. चिंचोळे पाते वापरल्यास खाचेच्या कडा मोडतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेतील हेन्री एफ. फिलिप्स यांच्या प्रयत्नाने १९३६ च्या सुमारास मोटार उद्योगात आला आणि आज घरातील बहुतेक उपकरणे, बिजागऱ्या व विजेचे फलक यांत तोच असतो. त्याच्या टोकांना क्रमांक असून क्र. २ चे टोक सर्वाधिक लागते. सरळ पात्याचे दोन व फुलीचे दोन (क्र. १ व क्र. २) असे चार पेचकस असल्यास सहसा अडत नाही. एकाच मुठीत अनेक टोके बसणारा संच जागा वाचवितो, परंतु स्वस्त संचातील टोके मऊ असल्याने पिळून गोल होतात.

पकड तार धरणे, वाकविणे व तोडणे या कामांसाठी असते. सु. २० सेंमी. लांबीची पकड पुरेशी होते. नट सोडविण्यासाठी तिचा वापर केल्यास नटाचे कोपरे झिजतात व मग तो योग्य पान्यानेही निघत नाही. नटासाठी जबडा मागेपुढे होणारा सु. २५ सेंमी.चा पाना घ्यावा. तो फिरविताना जोर स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने फिरवितात. उलट फिरविल्यास सरकता जबडा मागे हटून पाना निसटतो आणि बोटांची साले निघतात.

भिंत व ड्रिल यंत्र : घरगुती हत्यारांत सर्वांत मोठा बदल भिंतीमुळे झाला आहे. चुन्यात बांधलेल्या किंवा मातीच्या भिंतीत लाकडी खुंटी ठोकून बसविता येई. नुसता खिळाही अशा भिंतीत बरा टिके. सिमेंटच्या गिलाव्यात ठोकलेला खिळा मात्र गिलावा फोडतो व लगेच सैल होतो. यासाठी भिंतीत छिद्र पाडून त्यात गुल्ली बसविणे व गुल्लीत स्क्रू पिळणे ही पद्धत रूढ झाली. स्क्रू आत जाताना गुल्ली फुगते आणि छिद्राच्या बाजूंवर दाब देऊन घर्षणाने टिकून राहते. इंग्लंडमधील जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तंतूंची अशी गुल्ली तयार केली. तिच्यावरून आजही कारागीर ‘रॉल प्लग’ असे म्हणतात. नायलॉनची आधुनिक गुल्ली जर्मनीतील आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये प्रचारात आणली. विजेवर चालणारे, हातात धरावयाचे ड्रिल यंत्र त्यापूर्वीच, १८९५ मध्ये, श्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात तयार झाले होते. पिस्तुलासारखी मूठ व घोडा असलेल्या यंत्राचे एकस्व अमेरिकेतील ब्लॅक व डेकर यांना १९१७ मध्ये मिळाले.

यंत्र घेण्यापूर्वी भिंतीचा प्रकार ओळखणे आवश्यक असते. विटांच्या भिंतीस सु. १२ ते १५ मिमी. गिलाव्यानंतर लाल भुकटी लागते. तिच्यासाठी आघाताची सोय असलेले साधे ड्रिल यंत्र व टोकाला कार्बाइड जडविलेले पाते पुरते. वायुमिश्रित हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत अतिशय मऊ असते व पांढुरकी भुकटी भसाभस पडते. येथे आघात बंद ठेवून छिद्र पाडावे व लांब गुल्ली वापरावी. आखूड गुल्ली जड फडताळासकट बाहेर येते. तिसरा प्रकार अलीकडच्या उंच इमारतींचा आहे. त्यांत ॲल्युमिनियमच्या साच्यांत संपूर्ण भिंतच काँक्रीटची ओततात. अशा भिंतीत खिळा शिरत नाही आणि साधे ड्रिल यंत्र तापून निकामी होण्याची शक्यता असते. तेथे जोरदार आघात करणारे वेगळे यंत्र लागते. ते वर्षातून एक-दोनदाच उपयोगी पडत असल्याने विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे किंवा गृहनिर्माण संस्थेने सर्वांसाठी एक ठेवणे श्रेयस्कर ठरते.

भिंतीत झाकलेल्या विजेच्या व पाण्याच्या नळ्या हा या कामातील मुख्य धोका आहे. या नळ्या सामान्यतः विजेच्या फलकापासून सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या नेलेल्या असतात. म्हणून फलकाच्या किंवा नळाच्या थेट वरखाली छिद्र पाडू नये. बांधकामाच्या वेळी गिलावा होण्यापूर्वी भिंतींची छायाचित्रे काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय असून तो फार थोडे लोक करतात. न्हाणीघरातील फरशीला छिद्र पाडताना प्रथम चिकटपट्टी लावून आघात बंद ठेवतात व फरशी पार झाल्यावरच तो सुरू करतात. काँक्रीटच्या स्तंभांत किंवा तुळयांत गुल्लीपुरते लहान छिद्र पाडण्यास सहसा हरकत नसते. पण त्यांत नळासाठी छिन्नीने खाचा घेणे किंवा लोखंडी गज उघडे पाडणे हे केवळ एका घराचे नव्हे, तर संपूर्ण इमारतीचे नुकसान होय. गजांपर्यंत ओल पोचली की ते गंजून फुगतात व भोवतीचे काँक्रीट तडकते. छिद्र पाडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, म्हणून डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर मुखपट्टी आवश्यक आहे.

नळदुरुस्तीची साधने : घरातील बहुतेक तोट्यांचे आटे अर्धा इंच या मापाचे असतात. हे माप नळीच्या आतील पोकळीचे असून आट्यांचा बाहेरचा व्यास सु. २१ मिमी. असतो. नवीन तोटी आणताना पट्टीने बाहेरून मापणाऱ्याची यामुळे हमखास फसगत होते. पूर्वी आट्यांवर तागाचा धागा व सफेदा लावीत; आता टेफ्लॉनची पातळ फीत गुंडाळतात. तोटी ज्या दिशेने पिळून बसवावयाची त्याच दिशेने, म्हणजे आट्यांचे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फीत गुंडाळली नाही, तर पिळताना ती उलगडते. गोल नळी धरण्यासाठी दातेरी जबड्याचा पाना असतो. अमेरिकेतील डॅनियल स्टिल्सन यांनी १८६९ मध्ये त्याचे एकस्व घेतले. चकाकणाऱ्या मुलामा दिलेल्या तोट्यांवर तो थेट लावू नये, मध्ये जाड कापड ठेवावे. ठिबकणाऱ्या तोटीतील रबरी वायसर बदलणे हे घरातील सर्वांत सोपे व सर्वांत अधिक टाळले जाणारे काम आहे. सेकंदाला एक थेंब व २० थेंबांचा १ मिलि. असे धरल्यास एका तोटीतून दिवसाला ४ लि.हून अधिक पाणी वाया जाते. काम सुरू करण्यापूर्वी न्हाणीघरातील बंद करण्याची मुख्य चावी फिरते की नाही ते पाहावे. वर्षानुवर्षे न फिरविलेली चावी क्षारांमुळे अडकते, म्हणून ती चार-सहा महिन्यांनी एकदा उघडझाप करणे इष्ट असते.

विजेसंबंधीची साधने : भारतात घरगुती विद्युत् पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असून तो प्राणघातक ठरू शकतो. घराघरांत आढळणारा परीक्षक, म्हणजे टेस्टर, हा पेचकसाच्या मुठीत निऑन दिवा व मोठ्या मूल्याचा रोधक बसवून केलेला असतो. टोक जिवंत तारेला लावून मागील टोपीला बोट टेकविले की शरीरातून जमिनीकडे अत्यल्प प्रवाह वाहतो व दिवा उजळतो. या साधनावर लोकांचा अवाजवी विश्वास आहे. दिवा लागला, तर तार जिवंत आहे एवढे बहुधा कळते. दिवा न लागला म्हणून तार मृत आहे असे मात्र ठरत नाही. भर उन्हात प्रकाश दिसत नाही, लाकडी शिडीवर किंवा कोरड्या चटईवर उभे राहिल्यास प्रवाह पुरेसा वाहत नाही आणि परीक्षकच बिघडलेला असू शकतो. म्हणून तो आधी जिवंत असल्याची खात्री असलेल्या खोबणीत लावून पाहावा, मग तपासावयाच्या जागी व नंतर पुन्हा पहिल्या खोबणीत लावावा. दोन्ही तारांना जोडावयाचा, दोन टोकांचा परीक्षक अधिक विश्वसनीय असतो. खोबणीच्या दोन्ही छिद्रांत दिवा लागत असेल, तर परतीची तार तुटली असण्याचा संभव असून ते काम परवानाधारक तारकाम्याकडे सोपवावे.

केवळ दिव्याचे बटण बंद करून धारकाला हात लावणे धोक्याचे आहे. कारण जोडणी चुकून उलटी केलेली असल्यास बटण बंद असूनही धारकात दाब राहतो. त्या मंडलाचा स्वयंचलित खंडक बंद करणे आवश्यक असते. इन्व्हर्टर असलेल्या घरात आणखी एक सापळा आहे. मुख्य खटका बंद केला की इन्व्हर्टरला पुरवठा खंडित झाल्याचे भासते व तो काही मंडलांना लगेच वीज पुरवू लागतो. मुख्य खटका बंद केल्याच्या समाधानात कामाला लागलेल्या माणसाला असा झटका बसू शकतो; म्हणून इन्व्हर्टरही वेगळा बंद करावा. पकडी व पेचकस यांच्या मुठींवरील रंगीत प्लॅस्टिक हे नेहमीच विद्युत् निरोधक असते असे नाही. ज्यांवर १,००० व्होल्टची खूण उमटविलेली आहे, तीच त्या दृष्टीने तपासलेली समजावीत. जुन्या घरांत वितळतारेचे फ्यूज आढळतात. वारंवार तार जळते म्हणून तेथे जाड तार घालण्याची सवय आगीला निमंत्रण देणारी आहे. ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा खंडक हे हत्यार नव्हे, पण तो बसविलेला नसेल, तर हत्यारांच्या खरेदीआधी तो बसवून घ्यावा. त्यावरील चाचणीची कळ अधूनमधून दाबून पाहावी लागते.

लाकूडकाम व इतर : एक बारीक दातांची करवत, एक पटाशी, एक कानस व पॉलिश कागद एवढ्यांवर घरातील लाकूडकाम भागते. रंधा मोहक असला, तरी त्याची घाई करू नये. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने दारे फुगतात व अडू लागतात. त्या वेळी रंधा मारून कड कमी केली की मार्गशीर्षात लाकूड आकसते आणि दार व चौकट यांत फट राहते. पावसाळ्यात घासणाऱ्या कडेला मेणबत्ती किंवा साबण चोळून वेळ निभावून न्यावी व दार वाळल्यावरही अडत असेल, तरच ते तासावे. उंचावरील कामासाठी पंखा व पोटमाळा येथवर हात पोचेल अशी घडीची शिडी हवी. खुर्चीवर स्टूल ठेवून केलेली रचना शिडीची जागा घेऊ शकत नाही. गॅसच्या नळीची व दाबनियंत्रकाची जोडणी हाताने होते, तेथे पाना लावू नये. गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, काडी ओढू नये.

निवड व जतन : भारतात हातहत्यारांचे उत्पादन मुख्यतः पंजाबमधील जालंदर व लुधियाना येथे केंद्रित झाले आहे. राजस्थानातील नागौर येथेही या हत्यारांचे अनेक लहान कारखाने आहेत आणि महाराष्ट्रात नाशिक येथे पकडी, पाने, पेचकस यांचे उत्पादन होते. पेटीसह मिळणारे शंभर नगांचे स्वस्त संच आकर्षक दिसतात. परंतु त्यांतील बहुतेक नग कधीच वापरले जात नाहीत आणि जे लागतात ते पहिल्याच जोरात दगा देतात. तेवढ्याच पैशांत हातोडी, पकड, पाना, चार पेचकस, पट्टी व परीक्षक ही चांगल्या पोलादाची हत्यारे सुटी घेता येतात. ड्रिल यंत्र, करवत व नळीचा पाना गरज पडेल तसे घ्यावेत. किनारपट्टीच्या खाऱ्या व दमट हवेत पोलाद एका पावसाळ्यात गंजते. ज्येष्ठात हत्यारे कोरड्या फडक्याने पुसून त्यांना यंत्रतेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. न्हाणीघरातील माळ्यावर किंवा धुण्याच्या यंत्रामागे ती ठेवू नयेत. पेटी लहान मुलांच्या हाती न लागेल, पण अंधारात चाचपडूनही सापडेल अशा ठराविक जागी असावी आणि तिच्याजवळ एक विजेरी ठेवावी, कारण परीक्षकाची गरज बहुधा दिवे गेल्यावरच पडते.